धाकटीची बाही

६ जानेवारी

आले बाई एकदाची! सामान आलं, मी आले, फक्त कढईचं झाकण वाटेत कुठेतरी उतरलं. जाऊ दे, त्यालाही नवीन गाव बघायचं असेल.

घर आवडलंय मला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावंच लागेल. मला काय, मी एकटीच. पुढच्या खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी आहे, समोर बेकरी, त्यामुळे सकाळी पावाचा वास थेट अंथरुणात येतो. स्वयंपाकघरातून आत गेलं की मागची खोली, तिच्या दारावर आतून माळा, त्याला फुलाफुलांचा पडदा, खाली लाकडी शिडी. घरमालकीणबाई दोन गल्ल्या पलीकडून गुडघे धरत धरत स्वतः किल्ली द्यायला आल्या. माळ्यावर आधीच्या भाडेकरणीचं काहीबाही पडलंय, नको असेल तर टाकून द्या म्हणाल्या.

उद्यापासून चष्म्याच्या दुकानात. काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. हे काम मी डोळे मिटून करीन, म्हणजे गिऱ्हाइकांना सांगायचं नाही इतकंच. आई होती तोवर तिचं सगळं सांभाळून हेच करत होते. आई गेली, घर दादाच्या मुलांना लागणार होतं, म्हणून मी आपणहून निघाले. दादा म्हणाला, चिमे, कधीही ये. कधीही ये म्हणजे अमुक दिवशी ये असं नाही, एवढं कळायची अक्कल बावन्नाव्या वर्षी येतेच. पण आज रडगाणं नको. आज पडदे लावले आणि मोठ्याने गाणं म्हटलं. बंद कर म्हणायला कुणी नव्हतं.

१२ जानेवारी

रविवार. आज दिवसभरात किती शब्द बोलले ते मोजलं. बेकरीवाल्याला "एक छोटा पाव द्या" हे चार. पायात आलेल्या मांजरीला "अगं बाई" हे दोन. एकूण सहा. आणि मी म्हणजे कोण, तर जिच्या तोंडाला कुलूप लावायला हवं असं वहिनी चारचौघांत म्हणायची ती.

दुकानात मालक भले आहेत, पण डबा ज्याचा त्याने आपल्या टेबलावर खायचा. आठ आरसे आहेत दुकानात. जिकडे बघावं तिकडे मीच. एका आरशाशेजारच्या फळ्यावर काल एक चिठ्ठी दिसली. तीन परदेशी काटेरी उंदीर, सख्ख्या बहिणी, चांगलं घर हवंय. मी तीनदा वाचली. उंदीर म्हटलं की मी आजवर टेबलावर चढणारी बाई! पण तीन बहिणींना घर हवंय म्हटल्यावर पाय उचलला जातो.

१४ जानेवारी

चिठ्ठीवालीला सगळे उंदीरमावशी म्हणतात आणि तिला ते आवडतं. लोक हौसेने असले दूरदेशचे उंदीर विकत घेतात, चार महिन्यांत कंटाळतात, मग मावशी ते गोळा करून नवीन घरी देते. तिची मागची खोली काचेच्या पेट्यांनी भरली आहे. माझ्या तिघी सोनेरी तपकिरी, कान मोठाले, पाठीवर ब्रशसारखे राठ केस. खरंच काटे नाहीत, नुसता आव. मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

मावशीने शिकवलं ते लिहून ठेवते. शेपटीला धरायचं नाही, शेपूट हातात सोडून पळतात. जोराने पकडलं तर कातडीसुद्धा सोडून जातात. तिघींना कधी वेगळं करायचं नाही. पण कळपाला एखादी नकोशी झाली तर लक्ष ठेवायचं. चावत नाहीत आधी. आधी तिला शेजारी झोपू देत नाहीत, मग तिच्या मिशा कुरतडून टाकतात. तसं झालं की तिला दुसरं घर शोधावं लागतं.

मग फॉर्म आला. घरात माणसं किती? मी एकटी म्हणणार तेवढ्यात मावशी म्हणाली, एकट्या माणसाला ती देत नाही. एकटं माणूस आजारी पडलं तर पेटीतल्या जिवांना कोण बघणार, असं एकदा झालंय म्हणे. मी पेन घेतलं आणि लिहून मोकळी झाले: दोघी. मी आणि धाकटी बहीण.

कुठली बहीण नि कुठलं काय! पण एकदा लिहिल्यावर मावशीने विचारलं, ती कशी आहे, आणि माझी जीभ सुटली. शांत आहे, गोड बोलते, मी फटकळ, ती सगळ्यांना आवडते. आता मावशीला घरातल्या प्रत्येकीचं एकेक वापरलेलं कापड हवंय. ते आठवडाभर तिघींच्या घरट्यात ठेवणार. ज्याचा वास घरट्यात तो त्यांचा, बाकी सगळे परके.

१५ जानेवारी

माझा रुमाल एक, पण दुसरं कापड कुठून आणू? माझ्या सगळ्या कपड्यांना माझाच वास. शिडी लावून माळ्यावर गेले. एक फुटकी कुंडी, उशी, आणि घडी घातलेला राखी रंगाचा बायकी स्वेटर. कोपरावर विरलेला. नाकाला लावला तर कुणाचा तरी वास अजून होता त्यात, पावडरचा आणि त्याखाली माणसाचा. कात्रीने एक बाही कापली आणि मावशीला देऊन आले. धाकटीची म्हणून.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. बघू कधी बसतो.

२३ जानेवारी

आल्या माझ्या बाया! चष्म्याच्या नंबरांवरून नावं ठेवली. धीट ती प्लस, लाजरी ती मायनस, आणि गोल गोल फिरणारी शून्य. पेटीत दगड रचले, मातीची सुरई आडवी घातली, दाणे ठेवले. मायनस माझ्या तळहातावर चढली तेव्हा मी श्वास धरून बसले होते. इतकं हलकं असतं ते. मला आईचे शेवटचे हात आठवले आणि मी तिथेच, पेटीसमोर, ढसाढसा रडले. बरं वाटलं.

३० जानेवारी

दिवस मजेत. संध्याकाळी कधी एकदा घरी जाते असं होतं. दुकानात मालकांनी उशिरापर्यंत थांबायला सांगितलं तर मी सरळ म्हटलं, धाकटी वाट बघत असेल. त्यांनी लगेच सोडलं. कुणीतरी वाट बघत असलेल्या बाईला जग वेगळं वागवतं, हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नाही.

आता घरीही चेष्टा चालू असते माझी. धाकटे, ऊठ गं. धाकटे, भांडी तुझी. आज चहाचे दोन कप मांडले आणि दोन्ही मीच प्यायले. तिघी झोपतात मात्र बाहीवर. माझा रुमाल त्यांनी कोपऱ्यात लोटून दिलाय. नवीन वास आवडला असेल, आपण काय मनावर घ्यायचं!

७ फेब्रुवारी

मावशीची पंधराव्या दिवसाची भेट आज होती. सहा वाजता येणार होती. मी बेत ठरवून ठेवला होता, धाकटी जरा बाहेर गेलीय असं सांगायचं. पाच वाजता दुकानात तिचा फोन आला. काम लवकर उरकलं म्हणून ती तीनलाच येऊन गेली होती. फार खूश होती. पेटी स्वच्छ, तिघी गुटगुटीत. आणि धाकटी किती लाघवी आहे, चहा काय, गप्पा काय, दीड तास कसा गेला कळलं नाही म्हणे.

मी हो हो म्हटलं. काय म्हणणार? मावशी घर चुकली असेल असं मनाला सांगत घरी पळाले. कुलूप जसंच्या तसं. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. मी कप त्याच दिवशी धूत नाही. आईची किती बोलणी खाल्ली आहेत मी त्यावरून.

मावशीला परत फोन करून खरं सांगायला हवं होतं. नंबर काढलासुद्धा. पण खरं सांगितलं तर ती तिघींना घेऊन जाणार आणि मग पुन्हा रविवारी सहा शब्द. फोन ठेवून दिला.

८ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंकडे गेले. आधीच्या भाडेकरणीबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. एकटीच होती म्हणे. माझ्याच वयाची. फार गोड बाई, आवाज म्हणून कधी नाही, थंडी असो नसो अंगात राखी स्वेटर. या घरातच गेली. दहा दिवस कुणाला पत्ता नाही. शेवटी बेकरीवाल्याच्या लक्षात आलं की पाव न्यायला येत नाही.

घरी येऊन माळ्यावर चढले. कुंडी आहे. उशी आहे. स्वेटर नाही.

१३ फेब्रुवारी

दादाचा फोन. आपणहून! आणि आवाजात इतकी माया की मला वाटलं चुकून लागला. म्हणाला, चिमे, काल अर्धा तास बोललीस, किती बरं वाटलं, वहिनी तर डोळे पुसत होती. तू अशी बोलू शकतेस हे माहीतच नव्हतं. आम्ही सगळे येतो तेवीस तारखेला, रविवारी, मुलांना घेऊन.

काल मी दादाला फोन केला नाही. काल मी दुकानातून आले, खिचडीसुद्धा न करता पाव खाल्ला आणि झोपले.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याआधी काय वाटलं ते लिहिते, इथे तरी खोटं नको. मत्सर वाटला. दादा माझ्याशी अर्धा तास कधी बोललाय?

तेवीसला दादा येतोय. तो मला ओळखतो. लहानपणी जिन्यावरून ढकललं होतं त्याने, हनुवटीवर अजून खूण आहे. दादा आला की सगळं सरळ होईल.

१७ फेब्रुवारी

बाही पेटीतून काढायला हात घातला. प्लसने अंगठ्याला कडकडून चावा घेतला. बाही तशीच राहिली.

शून्य आता सुरईत झोपत नाही. काचेला पाठ लावून बाहेर बसते. भिंग घेऊन बघितलं. डाव्या बाजूच्या मिशा मुळापासून गेल्या आहेत, नीट, ओळीने, कात्रीने कापाव्या तशा.

रात्री उशाशी घेऊन बसले तिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे, खुर्चीकडे बघत होती.

१९ फेब्रुवारी

काल ताप होता, दिवसभर अंथरुणात. कामावर गेलेच नाही. आज गेले तर मालक म्हणाले, काल गिऱ्हाइकांशी किती छान बोललात, रोज असंच राहा ना.

आरशात बघितलं. आठही आरशांत. डावी भुवई अर्धी नाही. पापण्यांचे केसही. दुखत नाही काही. नीट, ओळीने.

चावत नाहीत आधी—

२१ फेब्रुवारी

मावशीकडे गेले आणि सगळं ओकले. बहीण नाही, कधी नव्हती, मी खोटं लिहिलं, बाही मेलेल्या बाईची, उंदीर घेऊन जा, काय वाटेल ते बोल मला पण त्या घरी चल. मावशीने मला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, धाकटीने सांगितलंच होतं की तुम्ही असं म्हणाल. म्हणाली, ताई एकटी राहते असं म्हणेल, तिला सांभाळून घ्या. तीच तुमची काळजी करते हो.

उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच. पण मला हसू आलं नाही.

मग म्हणाली, एकीचं जमत नाहीये हे तिने कळवलंय, परत देण्याचा फॉर्म भरून ठेवते म्हणालीय, रविवारी न्यायला येते. शून्यचं म्हणत असणार. शून्यचंच.

दोन दिवस. दादा येईपर्यंत दोन दिवस. बेकरीत जाऊन बसले संध्याकाळी. बेकरीवाला माझ्याकडे न बघता मागच्या गिऱ्हाइकाला विचारत होता काय हवंय म्हणून. मी पुढे होते. मी त्याच्या नाकासमोर होते.

२२ फेब्रुवारी

प्लस, मायनस आणि शून्य आज तिघी एकत्र झोपल्या आहेत. सुरईत, बाहीवर, एकीवर एक. शून्यच्या मिशा परत येतायत. बारीक खुंट दिसतात भिंगातून.

मग फॉर्म कोणाचा—

ओट्यावर होता. पालथ्या कपाखाली. अक्षर माझंच, पण सावकाश, गोल काढलेलं.

देण्याचं कारण: घरात एक जास्त होते. वय: बावन्न. रंग: गव्हाळ. खूण: हनुवटीवर जुना व्रण. स्वभाव: फटकळ, पण चावत नाही. सवयी: कुणी नसलं की गाणं म्हणते. खोटं बोलते, मनाने वाईट नाही. सूचना: धरायची, ओढायची गरज नाही. सांगितलं की आपणहून निघते.

नवीन घर: माळा. जागा आहे. शांत आहे.

वाचून मला राग यायला हवा होता. माझ्याबद्दल इतकं लक्ष देऊन कुणी कधी लिहिलं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून तो कागद पुन्हा वाचला. पुन्हा.

उद्या दादा.

२३ फेब्रुवारी

सकाळी पळायचं ठरवलं. पिशवी, पाकीट, सगळं इथे टाकून. शेपूट सोडून पळतात तसं. रस्त्यावर उभी राहीन, दादाला वाटेतच गाठीन.

कपाट उघडलं तर माझे कपडे नाहीत. राखी स्वेटर टांगलेला. एका बाहीचा.

स्वयंपाकघरातून बाहेर पडत होते आणि ती समोरून आली. चेहरा नाही सांगता येणार. मी बघितलाच नाही, मी खाली बघितलं. तिने काही केलं नाही. नुसती उभी राहिली, वाट बघत, गोड बाई आहे. आणि मी मागे सरकले. सवयीने. आईला, वहिनीला, सगळ्यांना सरकत आले तशी. मागे, मागच्या खोलीत, शिडी—

माझे कपडे इथे आहेत. घडी घालून. कुंडीजवळ. वर माझा रुमाल. वही हातातच होती, पेन खोचलेलं.

शिडी खाली नाही आता. पडद्याच्या फटीतून खोली दिसते. पेटी दिसते.

किती वेळ झाला—

मावशी येऊन गेली. पेटीत वाकून बघितलं, म्हणाली, आता सगळं जमलं. मी हाका मारल्या. पडदा ओढला. तिने वर बघितलंसुद्धा, आणि पडद्याची फुलं छान आहेत म्हणाली.

बेल.

दादाच. खोकला दादाचा. मुलं धावतायत, उंदीर बघायला. वहिनी हसतेय. दार उघडलं गेलं. दादा ओळखेल. एकदा चेहऱ्याकडे बघू दे, हनुवटी बघू दे, तो विचारेल, माझी बहीण कुठाय—

तो म्हणतोय, बारीक झालीस गं. म्हणतोय, पण चेहरा किती शांत झालाय तुझा.

दादा, वर. वर बघ. मी इथे—

त्याने हाक मारली. चिमे. फक्त तोच मारतो. मी ओ दिली, छाती फुटेल इतक्या मोठ्याने दिली, पण माझ्या आधी खालून तिने